हजार रुपयांची ओळ

मार्च आला की माझा घसा बसतो. निवृत्त होऊन तिसरं वर्ष सुरू आहे, मोठ्याने वाचावं असं काही समोर येत नाही, तरी होळीच्या आसपास एखाद्या सकाळी उठते आणि आवाज खरखरीत झालेला असतो. डॉक्टरांनी दोनदा टॉर्च मारून पाहिलं. काही सापडलं नाही. तीसेक वर्षांची सवय टॉर्चच्या उजेडात कशी दिसणार?

मी सरकारी कचेरीत होते, अर्थसंकल्पाच्या शाखेत. ऊर्जा आणि पाणी या दोन खात्यांच्या मागण्या आमच्या टेबलांवरून पुढे जायच्या. सरकारला वर्षभरात जे खर्च करायचं असतं ते आधी सभागृहाकडे मागावं लागतं. त्या मागण्यांची जाडजूड पुस्तकं निघतात, आणि छापखान्यातून कच्ची प्रत आली की आमच्याकडे ‘वाचन’ बसायचं. दोघं दोघं समोरासमोर. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पानावर बोट फिरवत ऐकायचं. कॉम्प्युटर आले, बेरजा आपोआप जुळायला लागल्या, तरी वाचन काही बंद झालं नाही. साहेबांचा यंत्रापेक्षा आमच्या घशावर जास्त विश्वास. माझा जोडीदार सावंत. त्याचं बोट पक्कं, माझा आवाज खणखणीत, त्यामुळे वर्षानुवर्षं वाचायची मी आणि ऐकायचा तो. खिडकीबाहेर बदामाचं झाड लाल पानं गाळत असायचं, टेबलावर चहा गार होऊन त्यावर साय धरलेली, आणि मी आपली म्हणत असायची, “मागणी क्रमांक अमुक, मुख्य शीर्ष तमुक, नवीन बाब…” संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असायचा. दिनू दार उघडून म्हणायचा, “आल्या सरकारच्या बाई. आज किती कोटी गिळलेस?” मी नुसता हात हलवायची.

दिनू माझा धाकटा भाऊ. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहायचो. लग्न माझं मी राहू दिलं, त्याचं राहून गेलं. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांच्याशी त्याचं जितकं जमायचं तितकं माणसांशी जमत नसे, असं मी त्याला चिडवायची. चाळिशी उलटली आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस: मंगळवार, गुरुवार, शनिवार. घरापासून चालत दहा मिनिटांवर दुकानांचे दोन गाळे एकत्र करून काढलेलं पाच खुर्च्यांचं केंद्र होतं. तिथल्या फिलोमिना सिस्टर मूळच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती गावातल्या, वडील मासेमारी करायचे. सुई टोचताना त्या वडिलांच्या होडीच्या गोष्टी सांगायच्या आणि दिनू हसत असतानाच सुई आत गेलेली असायची.

त्या रोगाचा एक क्रूर हिशेब आहे. दिनूला दिवसाला तीन पेले पाणी प्यायची परवानगी होती. औषधाच्या गोळ्यांना लागणारा घोटसुद्धा त्यातच धरायचा. उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून गॅलरीत बसायचा, गाल आलटूनपालटून फुगलेला. आणि त्याच माणसाचं रक्त धुवायला यंत्राला मात्र पिंपंच्या पिंपं पाणी लागायचं, तेही गाळून गाळून शुद्ध केलेलं. चार तासांची एक वेळ. पाणी कमी पडलं की चाराचे तीन तास व्हायचे, तिनाचे अडीच. जेवढे तास कमी, तेवढं विष अंगात शिल्लक. हे मला त्याच्या पायांवरून कळायचं. चपलेचा पट्टा सकाळी ज्या भोकात बसायचा त्यात संध्याकाळी बसत नसे.

आमच्याकडचा मार्च नाकाला आधी कळतो. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांकडून एक आंबूस, घशात बसणारा वास येतो. त्यात रस्त्यावर मांडलेल्या कलिंगडांचा गोडूस वास आणि टँकरच्या ओल्या चाकांखालच्या मातीचा वास मिसळतो. होळीच्या गोवऱ्या, दहावीच्या मुलांची गॅलरीतली घोकंपट्टी, आणि सकाळी सहाच्या सुमाराला घराघरातून एकच हाक: “आलं का गं?” पाणी आलं का, असं कुणी पूर्ण विचारत नाही. नळातून आधी हवा येते, मग तांबूस धार, मग जरा बरी धार, आणि भांडं अर्धं भरतंय तोवर घरातला पंखा थांबतो. पंखा थांबला की आम्ही नळाकडे बघतो. पाच मिनिटांत तोही थांबतो.

याचं कारण मला दिनूने समजावलं. आमच्या भागाला पाणी चढवणारं पंपांचं केंद्र ज्या वीजवाहिनीवर होतं त्याच वाहिनीवर गाळे, कारखाने, इमारती सगळंच. कुठेही काही उडालं की पंप बंद. “ताई, करंट दहाच मिनिटं जातो,” तो जेवणाच्या ताटात बोटाने रेघ ओढून सांगायचा, “पण तेवढ्यात पाइप रिकामा होतो ना. परत भरायला तीन तास. आपण टोकाला, आपल्यापर्यंत येईस्तोवर वेळ संपली. पंप नवे घेऊन काय करणार? पंपाला त्याची स्वतःची वायर पाहिजे, दुसऱ्या कोणाची नाही त्यावर.” आणि मग ताटावरून हात उचलून, “तू तिकडे बसतेस ना? तुमच्या पुस्तकात टाक की एक ओळ.”

मी हसले होते. पुस्तकात ओळ टाकणं म्हणजे काय माझ्या हातची गोष्ट? पण शोध घेतला तर निघालं की पंपकेंद्राला स्वतंत्र वीजवाहिनी द्यावी असा प्रस्ताव खालून कधीचा आलेला होता आणि आमच्याच कचेरीत एका कपाटात पडून होता. पाणी खात्याचं म्हणणं, वीज म्हणजे ऊर्जा खात्याचं काम. ऊर्जा खात्याचं म्हणणं, पंप पाण्याचे, त्यांनी मागावं. माझ्या उभ्या नोकरीत मी एकदाच कुणाच्या मागे लागले असेन. त्या दिवाळीनंतर मी ती फाइल हातात घेऊन दोन्ही खात्यांच्या मजल्यांवर इतके जिने चढले की शिपाई म्हणायला लागला, मॅडमनी व्यायाम सुरू केलाय. शेवटी आमच्या साहेबांनी फाइल उघडली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “मॅडम, यंदा पैसे नाहीत. पण हेड उघडून ठेवू. टोकन टाका.”

टोकन म्हणजे लाक्षणिक तरतूद. कामाला पैसे द्यायचे नसतात, पण नाही असंही म्हणायचं नसतं, तेव्हा त्या कामाच्या नावापुढे एक हजार रुपये लिहितात. उद्या खरोखर पैसे आले तर ते ठेवायला हेड, म्हणजे जागा, असावी एवढाच त्याचा अर्थ. हजार रुपयांत वीजवाहिनी येत नाही. उद्घाटनाला जे हारतुरे लागतील तेही येणार नाहीत. आमच्या शाखेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, शिपायालासुद्धा.

चार वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये ती ओळ मी स्वतः वाचली. “मानपाडा परिसर, पंपकेंद्रास स्वतंत्र वीजवाहिनी, नवीन बाब, लाक्षणिक तरतूद, रुपये एक हजार फक्त.” सावंतने बोट थांबवून वर पाहिलं. “हजारच?” मी म्हटलं, “हजारच. पण आली.” त्याने कागदी डब्यातला शेवटचा खाकरा मला दिला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत लाखो ओळी वाचल्या, ही पहिली माझी होती.

त्याच सुमाराला दिनूचा ठाण्याला नंबर लागला. टेंभी नाक्याकडच्या एका गल्लीत मोठं डायलिसिस केंद्र आहे. त्यांची स्वतःची विहीर, स्वतःचा जनरेटर, चार म्हणजे चार तास. आठ महिने यादीत नाव होतं. तिथली खुर्ची मिळाली म्हणजे वर्षाचे सगळे मंगळवार-गुरुवार-शनिवार तुमचे. फक्त जायचं ठाण्याला, शिळ रस्त्याने रिक्षातून, येताना अंगात त्राण नसताना. दिनू कुरकुरत होता, पण तयार झाला होता. पुढच्या मंगळवारपासून सुरू करायचं ठरलं.

आणि त्याआधीच्या शनिवारी सभागृहात आमच्या दोन्ही खात्यांच्या मागण्यांवर चर्चा लागली. अधिवेशनाच्या धांदलीत शनिवारचंही कामकाज असायचं. मंत्री उत्तर देतात तेव्हा अधिकाऱ्यांना बसायला बाजूला एक गॅलरी असते. तिथे मांडीवर फायली घेऊन आम्ही बसायचो, आणि एखाद्या सदस्याने अडचणीचं विचारलं की भराभर चिठ्ठी लिहून मंत्र्यांकडे पाठवायची. आमच्या भागाचे सदस्य उठले. आवाज मोठा. मानपाड्याचे लोक पाण्याविना तडफडताहेत, डायलिसिसचे रुग्ण मरणाच्या दारात आहेत, सरकार झोपलंय का? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर बरं आहे. “सदर कामाकरिता या अर्थसंकल्पात तरतूद करण्यात आली आहे.” आकडा लिहिला नाही. आकडा लिहायचा नसतो. विचारला तरच सांगायचा. मंत्र्यांनी ते वाक्य जसंच्या तसं वाचलं, बाकं वाजली, सदस्य खाली बसले. आकडा कुणी विचारला नाही.

मी फायली गोळा करत होते तोवर त्या दोन मिनिटांची क्लिप सगळीकडे फिरली होती. दिनू तेव्हा इथल्या खुर्चीत, नळ्या लागलेल्या, एका हाताने मोबाइल धरून बसलेला. त्याचा फोन आला. मागे फिलोमिना सिस्टरचा आवाज, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

“ताई, ऐकलं मी! तुझीच ओळ ना ती?”

“हो.”

“म्हणजे झालं ना? पक्कं?”

कॉरिडॉरमध्ये घंटा वाजत होती, सदस्यांना आत बोलवायची. माणसं धावत होती. माझा घसा बसलेला होता. हजार रुपये हे शब्द मी त्याच महिन्यात सावंतपुढे मोठ्याने उच्चारले होते, तेवढेच परत उच्चारायचे होते. मी म्हटलं, “हो रे. झालं.”

त्यात खोटं काही नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं आहे याची गणती नाही. खोटं काही नव्हतं. तो किती दिवसांनी असा हसत होता, आणि पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागणीत खरी रक्कम घेऊ असं साहेब म्हणालेच होते, मग आज त्याच्या आनंदावर पाणी कशाला फिरवा, असं मला वाटलं. मला बढाईही मारायची होती, तेही कबूल करते. धाकट्या भावासमोर बहिणीला कधी नव्हे ते सरकार असल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरी आले तर टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. त्याला पेढा चालत नव्हता, त्याने माझ्यासाठी आणला होता. मी पहिला पेढा तोंडात घातला आणि तो म्हणाला, “ठाण्याची खुर्ची मी सोडली.”

“काय केलंस?”

“सोडली म्हणजे भोईर काकींना दिली. यादीत माझ्याखाली त्यांचंच नाव होतं. सिस्टरनी लगेच फोन लावला, मीच सांगून आलेलो. अगं, त्यांची हालत बघितली नाहीस तू. परवा खुर्चीतच फिट आली. आता आपल्याकडे पाणी येणारच ना दोन-तीन महिन्यांत? मी काढतो इथे तेवढे. उगाच शिळ रस्त्यावर हाडं कोण मोडून घेणार?”

भोईर काकी म्हणजे मानपाड्यामागच्या गावठाणातल्या आगरी बाई, दिनूच्या शेजारच्या खुर्चीतल्या. पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. आता तरी सांगायला हवं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चूळ भरली, भात लावला. पहिल्यांदा न सांगणं ही चूक होती म्हणता येईल. दुसऱ्यांदा मी गप्प बसले त्याला मी आजवर नाव दिलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला दोन रांगांत आठवतात. एका रांगेत कायदा पुढे पुढे चालला आहे, दुसऱ्या रांगेत माझा भाऊ मागे मागे. चर्चेची मुदत संपायच्या दिवशी ज्या मागण्यांवर बोलायला वेळच मिळाला नाही त्या सगळ्या एकदम मताला टाकल्या गेल्या. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” होय. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.” मागच्या बाकांवरून एक बारीकसा नाही. “होयचे बहुमत आहे.” त्या दिवशी टँकर आला नाही म्हणून दिनूला तीनच तास मिळाले. मग विनियोजन विधेयक आलं. तिजोरीतून पैसे काढायला नुसती मंजुरी पुरत नाही, त्याचा कायदा करावा लागतो. मांडलं, विचारात घेतलं, संमत झालं. मी फाइलची गाठ सोडेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवशी वीज तीनदा गेली आणि फिलोमिना सिस्टरनी हाताने यंत्राची चकती फिरवून दिनूचं रक्त त्याच्या अंगात परत घातलं. विधेयक वरच्या सभागृहात जाऊन आलं. राज्यपालांची सही झाली. राजपत्रात छापून आलं. दिनूचा चपलेचा पट्टा आता शेवटच्या भोकातही बसेना, तो माझ्या सपाता घालून चालायला लागला.

राजपत्राची एक प्रत मी घरी नेली होती. नव्या शाईचा वास त्याला आवडायचा. उशीला टेकून त्याने पानं उलटली. “कुठाय आपली ओळ?” कायद्यात ओळी नसतात. तिथे फक्त प्रत्येक मागणीची एकूण रक्कम असते, एका मागणीला एक, एवढी मोठी की वाचताना श्वास पुरत नाही. मी त्या रकमेवर बोट ठेवलं. “यातच आहे.” तो ती संख्या बघत राहिला. एकं, दहं, शतं करत मोजायला लागला आणि मध्येच दमला. “बाप रे. एवढे? मग तर होणारच,” म्हणाला. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. मी त्याच्या हातातून राजपत्र काढून घेतलं आणि त्याचा दिवसाचा तिसरा पेला त्याला दिला.

एप्रिलमध्ये मी टेंभी नाक्याला गेले. केंद्रातल्या बाई भल्या होत्या, यादी उघडून दाखवली. दिनूचं नाव पुन्हा घातलं होतं, तळाला. खुर्ची कधी रिकामी होईल असं मी विचारलं आणि विचारल्यावर कळलं की मी काय विचारते आहे. खुर्ची रिकामी होते ती एकाच कारणाने. बाहेर आले तर नाक्यावर ऊन रणरणत होतं, नवरात्रात जिथे चालायला जागा नसते तिथे एक कुत्रं भिंतीच्या सावलीत पसरलं होतं. मी उसाचा रस घेतला आणि तो न पिताच पैसे देऊन निघाले.

मे लागला तसे अडीच तास नेहमीचे झाले. “आज एवढंच हां दिनूभाऊ,” सिस्टर म्हणायच्या आणि त्याच्याकडे न बघता बोलायच्या. कचेरीत मी साहेबांना विचारलं, वाहिनीचं काय? साहेब म्हणाले, प्रशासकीय मान्यता नाही, तांत्रिक मान्यता नाही, निविदा नाही, आणि मॅडम, पैसे तरी कुठे आहेत? ते काही चुकीचं बोलत नव्हते. मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. मी “हो सर” म्हणून परत आले.

एका रविवारी मी भोईर काकींच्या घरी गेले. खुर्ची परत मागायला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. काकी ओटीवर बसल्या होत्या, चेहऱ्याला रंग आलेला, नातीच्या केसांना तेल लावत. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाय, तुज्या भावान मना जीव दिला,” म्हणाल्या. सुनेने चहा केला, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांची थाळी पुढे ठेवली. मी दोन बोरं खाल्ली, नातीची शाळा विचारली आणि परत आले. वाटेत मला काकींचा राग आला होता. त्या बऱ्या दिसत होत्या याचा राग. लाज वाटते, पण आला होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, दिनू गेला. छातीत पाणी भरलं होतं. आयुष्याची शेवटची तीन वर्षं पेल्याने पाणी मोजून प्यायलेल्या माणसाच्या छातीत पाणी. शेवटच्या दिवशीही त्याने विचारलं होतं, “वायरचं खणायला लागले का गं रस्त्यावर?” मी म्हटलं, “लागतील.”

पुढच्या मार्चमध्ये ओळ पुन्हा आली. सावंतच म्हणाला, यंदा मी वाचतो, तुम्ही बोट ठेवा. त्याने वाचलं आणि मी बोट ठेवलं. रुपये एक हजार फक्त. त्याच्या पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाला मला चांदीचा पेला दिला. तो अजून डब्यात आहे, त्यातून कधी पाणी प्यायले नाही.

यंदाचा घसा गेल्या आठवड्यात बसला. परवा आमच्या मानपाड्याच्या नाक्यावर मोठा फलक लागला, सदस्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मानपाड्याचा पाणीप्रश्न सुटल्याचं अभिनंदन. क्लिप माझ्याही मोबाइलवर आली. मंत्री वेगळे, वाक्य माझंच. सदर कामाकरिता या अर्थसंकल्पात तरतूद करण्यात आली आहे. चार वर्षांत कुणाला त्यात एक शब्द बदलावासा वाटला नाही. आता मागण्यांची पुस्तकं घरबसल्या मोबाइलवर उघडतात. मी उघडलं, चष्मा लावून पान काढलं, आणि एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून ती ओळ मोठ्याने वाचली. मग मोबाइल पालथा ठेवून पीठ मळायला घेतलं.

काल सकाळी फिलोमिना सिस्टरचा फोन आला. “ताई, गुड न्यूज ऐकली ना? आणि एक सांगायचं होतं. भोईर काकी ठाणं सोडून परत आपल्याकडे येतायत. दमतात हो, चार वर्षं झाली शिळ रस्त्याने. आज त्यांचा फोन आलेला, म्हणाल्या आता पाणी येणार, तर ठाण्याला कळवून टाका. मी म्हटलं उद्या कळवते.”

“कळवू नका,” मी म्हटलं. घशातून नुसती हवा आली. सिस्टर म्हणाल्या, “हॅलो? ताई? आवाज तुटतोय.” मी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

काकी ओटीवरच होत्या. यंदाच्या चिंचा फोडत बसल्या होत्या, एका बाजूला चिंचोक्यांचा ढीग, हात काळपट झालेले. “मना चालत नाय, पोरांना लागतं वर्साचा,” असं म्हणून त्यांनी मला पाट सरकवला. चिंचेचा आंबट वास घशाला लागून मला खोकला आला.

“काकी, ठाण्याची खुर्ची सोडू नका.”

“का गो बाय? आता पानी मंजूर झाला ना? येवरा मोठा बोर्ड लावलाय.”

“झालंय मंजूर. हजार रुपये मंजूर झालेत.”

काकींनी चिंच हातात तशीच धरली. “हजार? हजारान तं टँकरपन येत नाय आमच्या दारान.”

“हो.”

आत सून भांडी घासायची थांबली. काकी माझ्याकडे बघत होत्या. गेली चार वर्षं भेटले की त्या माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या, तुझा भाऊ देवमाणूस म्हणायच्या, आणि मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं मला रडू येतंय.

“तवा पन हजारच व्हते?” त्यांनी विचारलं.

“तेव्हाही हजारच.”

“तुज्या भावाला ठाव व्हता?”

“नाही. मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही.”

आवाज घोगरा होता, पण शब्द सगळे बाहेर आले. काकींनी हातातली चिंच फोडली, दोन चिंचोके काढून ढिगात टाकले, गर ताटात ठेवला. मग दुसरी चिंच घेतली. तीही फोडली. मी उठावं की बसावं ते मला कळेना. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला नाही. घराकडे तोंड करून त्यांनी पुतण्याला हाक मारली.

“उद्या मंगलवार हाय. रिक्षा लवकर लाव. ठान्याला जाचा हाय.”